पंचफुलाची सावली

मनकर्णाबाईची जीभ अमरावतीच्या राजापेठेत सगळ्यांना ठाऊक. भाजीच्या दुकानात बसल्या बसल्या तिनं भल्याभल्यांची बोलती बंद केलेली. तशी मनानं वाईट नव्हती हो बाई. तोंडाला येईल ते बोलायची, मोकळी व्हायची आणि विसरून जायची. ऐकणारा विसरतो की नाही, याचा विचार मात्र तिनं जन्मात कधी केला नाही. तिथंच सगळं बिनसलं.

तिची सून दामिनी पोटुशी होती. दामिनी अंगावर पीत असतानाच तिची आई गेली, आणि तिला वाढवलं पंचफुला काकूनं. पंचफुलाला स्वतःचं मूल झालं नाही. तिवशाजवळचा झेंडू-शेवंतीचा मळा आणि ही पोर, एवढाच तिचा संसार. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पंचफुलानं खोली सारवून ठेवली, डिंक आणला, आपली मऊ पडलेली लुगडी फाडून दुपटी शिवली. पण मनकर्णाबाईनं निरोप धाडला, की बाळंतपण अमरावतीलाच होईल, दवाखाना जवळ पडतो. खरं कारण दुसरंच होतं, आणि ते पंचफुलाला न सांगता कळलं. तिनं वाद घातला नाही.

सकाळी कळा सुरू झाल्या तसं दामिनीला दवाखान्यात नेलं. मिळेल त्या एसटीनं पंचफुलाही येऊन पोचली, काखेत गाठोडं घेऊन. बाळंतिणीजवळ घरची एक बाई थांबू शकते, असा तिथला नियम. वर्षाली सिस्टरनं दामिनीला विचारलं, तुझ्याजवळ कोण पाहिजे? दामिनी म्हणाली, काकू. पंचफुला चपला काढून आत निघालीच होती, तेवढ्यात मनकर्णाबाई आडवी आली.

“इहीनबाई, तुमी बाहीरच बसा. जिची कूस उजवली नाई, तिची सावली बाळंतिणीवर नसते पडू देत.”

बाकावरच्या सगळ्या माणसांनी ऐकलं. पंचफुलानं चपला पुन्हा पायात घातल्या आणि दाराशेजारी जाऊन बसली. सिस्टर काही बोलणार, तोच तिला दुसऱ्या खाटेवरून हाक आली.

आत गेल्यावर सिस्टरनं मनकर्णाबाईला नीट बजावलं. पहिलटकरीण आहे, वेळ लागेल. पिशवीचं तोंड हळूहळू उघडतं. तोवर तिला फिरू द्या, पाणी पाजा, कंबर चोळून द्या. आणि काही झालं तरी जोर लावायला सांगू नका, वेळ झाली की मी सांगेन. अधूनमधून ती यायची, बाळाचे ठोके ऐकायची आणि जायची. मनकर्णाबाईनं मान डोलावली, पण ती ऐकते कुठली? तिची स्वतःची सगळी बाळंतपणं घरी, सुईणीच्या हातची. कळ आली की दातओठ खाऊन जोर लावायचा, एवढंच तिला माहीत. सून कळवळली की तिचा जीव कासावीस व्हायचा, आणि सिस्टरची पाठ फिरली की ती कानाशी लागायची, “लाव वं बाई जोर, लवकर मोकळी होशीन.” पोर बिचारी लावायची.

मध्ये एकदा दामिनी म्हणाली, की घडीभर काकूला पाठवा ना, तिला बरोबर कंबर चोळता येते. माणूस बदलायला मनाई नव्हती आणि दार हाकेवर होतं. मनकर्णाबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढं तिला हीच गोष्ट सगळ्यात जास्त खात राहिली.

दुपारपर्यंत पोरीच्या अंगात त्राण उरलं नाही. सिस्टरनं तपासलं आणि चमकली. पिशवीचं तोंड अजून पुरतं उघडलं नव्हतं, वर त्याला सूज आलेली. बाळाचे ठोकेही मंदावले. धावपळ उडाली. डॉक्टरीणबाई आल्या, दामिनीला डाव्या कुशीवर वळवलं, सलाईन लावलं, ऑपरेशनची तयारी ठेवा म्हणून सांगितलं. जोर लावायला कोणी सांगितलं, असं सिस्टरनं विचारलं. दामिनीनं सासूकडं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

नशीब थोर, ठोके सावरले. सिस्टर स्वतः उशाशी बसली. कळ आली की फुंकर घालत श्वास सोडायचा, हे तिनं दामिनीला शिकवलं. उन्हं कलली तेव्हा तोंड पुरतं उघडलं, आणि मग सिस्टर म्हणाली, आता लाव. डोकं आलं, खांदे आले, आणि मुलगी झाली. लेकरू आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, दामिनीच्या मांडीत इंजेक्शन दिलं, नाळेची धडधड थांबल्यावर ती कापली. वारही नीट पडली. मनकर्णाबाई हमसून हमसून रडली. दामिनी मात्र एवढंच बोलली, “काकूले बलवा.”

मनकर्णाबाई लगबगीनं बाहेर आली. बाकावर नुसतं गाठोडं होतं. शेजारच्या बाईनं सांगितलं, की दुपारी आत आरडाओरड झाली, ऑपरेशनचं नाव निघालं, तशी ती उठली आणि माह्यापायीच पोरगी अडकली म्हणत गेटाबाहेर निघून गेली. गाठोड्यात दुपटी होती आणि डिंकाचे लाडू. मनकर्णाबाई ते मांडीवर घेऊन तिथंच बसून राहिली.

बारशाला पंचफुला आली, तीही दामिनी फोनवर रडली म्हणून. पाळण्यासाठी शेवंतीचे हार आणले आणि अंगणात, दाराच्या बाहेरच बसली. मनकर्णाबाईनं पाळण्यातून नात उचलली आणि जमलेल्या सगळ्या बायकांदेखत पंचफुलापुढं जाऊन बसली. जन्मात कोणापुढं न वाकलेली बाई, पण त्या दिवशी वाकली.

“इहीनबाई, चुकी माही हाय. जोर लावाले मीच सांगतलं, म्हनून पोरगी अडकली. तुमचा काई संबंध नाई. घ्या लेकराले.”

पंचफुलाचे हात उचलले गेले, अर्ध्यावर थांबले आणि पदराखाली गेले. लेकराकडं ती डोळे भरून बघत राहिली.

“तुमी मोठ्या मनाच्या, म्हनून माहा दोष आपल्यावर घेऊन राहिल्या,” ती म्हणाली. “पन मी उठून गेली अन् पोरगी मोकळी झाली, हे तं खरं हाय न?”

लेकरू मनकर्णाबाईच्याच हातात राहिलं. आत बायकांनी पाळणा म्हणायला घेतला. पंचफुलानं ऊन कुठून येतंय ते पाहिलं, आणि आपली सावली उंबऱ्यावर पडणार नाही अशा बेतानं ती पलीकडं सरकून बसली.