ऊन-सुनताईंची साक्ष

रविवारच्या उपासनेत आपली कहाणी सांगून साक्ष कोण देणार, हा प्रश्न पाळक योम गी-ह्योन यांना फारसा पडतच नसे. सोलच्या मोठ्या चर्चचे पाहुणे येणार म्हटलं, की इंचॉनच्या या लहानशा मंडळीपुढे उभं करायचं ते प्यो ऊन-सुनताईंना, हे ठरलेलंच! ताई उत्तर कोरियातून पळून आलेल्या. सरहद्दीवरची तुमेन नदी ओलांडताना त्यांच्या लेकीचा हात सुटला, तो कायमचाच. ताई ते सांगू लागल्या की पाहुण्यांचे रुमाल बाहेर येत आणि मागोमाग तांदळाची पोती, गरम कपडे येत. पाळक मनाने वाईट नव्हते. उत्तरेतून आलेल्या कितीतरी घरांची चूल त्या मदतीवरच पेटत होती.

"पाळकसाहेब, आज मला नका उभं करू," अशाच एका रविवारी ताई ऑफिसच्या दारातूनच म्हणाल्या. "हवं तर सगळ्यांचा स्वयंपाक एकटी करते."

"स्वयंपाकाला पुष्कळ जणी आहेत, ताई. तुमच्या साक्षीने लोकांची मनं पाझरतात. आणि हो, मागच्या वेळी नदीचा भाग घाईत उरकलात. तो जरा सावकाश सांगा."

पाळकांची बायको सोक-ही तिथेच पाहुण्यांसाठी फळं चिरत होती. "अहो, नको म्हणतायत ना त्या?"

"तू फळं चिर."

उपासनेत ताई उभ्या राहिल्या. सांगता सांगता नदीपर्यंत आल्या आणि थांबल्या. पुढच्या बाकावरून कुणीतरी "आमेन!" म्हणून धीर दिला. पाळकांनी खुणेनेच 'पुढे' म्हटलं.

"दर वेळी तुम्ही मला नदीत उतरवता," ताई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. "दर वेळी मला तिचा हात सोडावा लागतो. आता नाही हो होत."

आणि बाकांच्या मधून त्या चालत्या झाल्या.

"थकल्यात बिचाऱ्या," पाळकांनी पाहुण्यांची समजूत घातली. घरी मात्र सोक-हीने त्यांना सोडलं नाही.

"प्रभूने रानात हजारोंना जेवू घातलं, तेव्हा आधी एकेकाला उभं करून रडायला लावलं होतं का?"

"आता तू मला शास्त्र शिकवणार?"

"तुमच्याच प्रवचनात ऐकलंय! हरवलेलं मेंढरू सापडलं की मेंढपाळ त्याला खांद्यावर घेतो. चव्हाट्यावर उभं करून 'कसं हरवलंस ते सांग, अन् सावकाश सांग' म्हणत नाही!"

पाळकांचा घास हातातच राहिला. तसेच उठून ते ताईंच्या घरी गेले. दाराला कुलूप होतं. फोनही बंद. पुढे अख्खा हिवाळा त्यांनी शोध घेतला, तेव्हा कुठे कळलं की ताई सुवॉनच्या एका खाणावळीत भांडी घासतात.

पाळक तिथे पोचले, तेव्हा मोरीपाशी ताई कोपरापर्यंत फेसात होत्या.

"ताई, मला क्षमा करा."

"केली," हात न थांबवता त्या म्हणाल्या. "जा आता."

"परत या. कुणी काही विचारणार नाही."

"इथेही कुणी विचारत नाही."

"निदान लेकीसाठी प्रार्थना तरी करू द्या." पाळकांनी हात जोडले, डोळे मिटले. "हे प्रभू, ताईंची लेक..." आणि जीभ अडखळली. इतक्या वेळा त्या मुलीचं मरण त्यांनी वदवून घेतलं होतं, पण तिचं नाव एकदाही विचारलं नव्हतं!

"काय नाव होतं तिचं?"

ताईंनी हात पुसले.

"ते नाही देणार मी तुम्हाला. माझ्याकडे तेवढंच उरलंय."

पुढच्या रविवारी पाळकांनी भर उपासनेत आपली चूक कबूल केली. मदतीसाठी साक्ष द्यायची पद्धत त्या दिवसापासून बंद झाली. सोलचे पाहुणे हळूहळू यायचे थांबले, मदत आटली, दोन-तीन कुटुंबं मंडळी सोडून गेली. उरलेल्यांच्या दारी पाळक स्वतः तांदूळ पोचवतात आणि काही न विचारता परततात. ताई आल्या नाहीत. येणारही नाहीत. रोज पहाटेच्या प्रार्थनेत पाळक एका मुलीसाठी गुडघे टेकतात आणि नावाच्या जागी गप्प होतात.

मंडळी, देणारा हात आपला असला, म्हणून समोरच्याच्या जखमेवर आपला हक्क होत नाही. त्याला सांगावंसं वाटलं तर जवळ बसून ऐकावं. नाही वाटलं, तरी त्याचं ताट वाढलेलं असावं!