मी पाचवा तारा

मी पाचवा तारा बोलतोय. आकाशातला नव्हे, तिथल्या मंडळींशी माझी ओळखही नाही. म्युच्युअल फंडांना गुण देणाऱ्या एका कचेरीत माझा जन्म झाला. फंडाने मागच्या काही वर्षांत बरोबरीच्या फंडांपेक्षा किती कमावलं आणि ते कमावताना किती गटांगळ्या खाल्ल्या, एवढंच तिथे बघतात. जो सरस ठरला, त्याच्या नावापुढे चार ताऱ्यांच्या शेजारी मला उभं केलं. पुढे काय होणार हे मला कुणी विचारलं नाही, आणि मला ते ठाऊकही नव्हतं.

पण माणसं मला बघतात आणि खालचं काही वाचतच नाहीत.

माझा जीव जडला तो एका मेकॅनिकवर. फ्रिज बनवणाऱ्या कंपनीत तो दुरुस्तीचं काम करायचा. पुढेमागे नोकरी सोडून स्वतःचं दुकान टाकायचं, हे त्याचं स्वप्न. गाळाही हेरून ठेवला होता. त्यासाठीची पुंजी वाढावी म्हणून तो एका दुपारी मोबाइल घेऊन बसला आणि मला बघून हरखला.

"पाच तारे आहेत गं," त्याने बायकोला सांगितलं. "आपल्या फ्रिजवर असतात तसेच. डोळे झाकून घ्यायचं."

घोटाळा झाला तो इथेच. फ्रिजवरचे तारे तो इथून पुढे किती वीज खाईल ते सांगतात. माझ्याकडे मात्र नुसतं मागच्या वर्षांचं प्रगतिपुस्तक.

बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. ती म्हणाली, "अहो, आत काय आहे ते तरी बघा. आम्ही नुसती खोकी बघून औषध देत नाही."

"आत शेअर असतात. ते बघायला माणसं बसलीयेत ना? आपण कशाला नाक खुपसायचं?"

आत काय होतं, ते माझ्या पायाशीच लिहिलेलं होतं. फंडाने सर्वांत जास्त शेअर या मेकॅनिकच्याच कंपनीचे घेतले होते आणि उरलेल्यांतले बरेचसे तिला सुटे भाग पुरवणाऱ्यांचे. पगार तिथूनच आणि पुंजीही तिथेच! त्याला सावध करावं म्हणून मी जमेल तेवढा चमकलो. तो आणखीच खूश झाला.

मग कंपनीच्या नव्या फ्रिजमध्ये दोष निघाला. माल परत येऊ लागला, शेअर कोसळले, त्यांच्यामागोमाग फंडही. त्याच सुमारास कंपनीने माणसं कमी केली, त्यांत हाही होता. गाळेवाल्याला नाही म्हणायला तो स्वतः गेला. परत आल्यावर बराच वेळ चपला न काढता दारातच बसून राहिला. मला फार वाईट वाटलं.

कचेरीने पुन्हा गुण मोजले आणि मला उचलून दुसऱ्या फंडावर नेऊन बसवलं. त्याचा निरोप घ्यायचंही राहून गेलं.

काल तो पुन्हा दिसला. जुना फंड तोट्यात विकून, उरलंसुरलं घेऊन तो माझ्या नव्या दारात आलाय. "हा बघ, याला आहेत पाच," तो म्हणाला. बायको या वेळी डबा उचलून थेट कामावर निघाली.

मला टोकं पाच, पण तोंड एकही नाही. तुमची त्याच्याशी ओळख असेल तर एवढं सांगा: पैसे भरण्याआधी माझ्यावर अंगठा ठेव. मी झाकला गेलो, तरच तू खालचं वाचशील.