आमची कोठेही शाखा नाही

मित्रांनो, पत्र्याला राग येत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर तो गैरसमज आधी काढून टाका. मी एका बँड पार्टीचा जुना फलक आहे. सहा फूट लांब, चार फूट उंच, कडेनं कडुनिंबाची चौकट, आणि गेली नऊ वर्षं पोटात एकच संताप. माझ्या अंगावर पन्नासेक शब्द लिहिलेले आहेत. त्यातला एकही कामाचा नाही.

माझा जन्म १९८५ च्या थंडीत ताडकळसला झाला, अंगद पेंटरच्या अंगणात. त्या दिवसांत विद्यापीठाच्या नावावरून मोर्चे निघत, मधूनच एस.टी. बंद पडे, आणि गावात कोरी भिंत म्हणून उरली नव्हती. आज लिहिलेलं उद्या कुणीतरी पुसून त्यावर दुसरं लिहायचं. म्हणून सीताराम अंगदला म्हणाला, ‘‘भितीवर नगं. पत्र्यावर कर. टिकंल आसं कर.’’ अंगदनं मला घासलं, तांबडा हात दिला, मग निळ्या रंगाचे दोन हात दिले. उन्हात वाळताना मी इतका चकाकत होतो की शेजारच्या शेळ्या माझ्यात तोंड बघून जात. ते चार दिवस माझ्या आयुष्यातले खरे सुखाचे दिवस. तेव्हा माझ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

हा सीताराम क्लॅरिनेट वाजवायचा. मी पुढे पुष्कळ बँड ऐकले, पण तसा सूर नाही ऐकला. ताडकळसपासून दोन कोसांवर, ओढ्याच्या पलीकडे हिवरवाडी नावाचं लहान गाव आहे, तिथला तो. बारा वर्षं त्यानं एका मोठ्या बँडमालकाच्या हाताखाली मागच्या रांगेत वाजवलं. चाल कोणती धरायची ते मालक ठरवायचा, कुठं थांबायचं तेही मालकच. शेवटी सीताराम पाच जणांना घेऊन बाहेर पडला आणि त्यांनी स्वतःची ‘सप्तसूर बँड पार्टी’ काढली. माणसं सहा आणि नाव सप्तसूर, पण तेवढं चालतं. निघताना मालक म्हणाला होता, ‘‘जा बाबा. पन परत आलास तर मागच्याच रांगेत उभं ऱ्हावं लागंल. आन् पुढं जायचं नाव काढायचं न्हाई.’’ म्हणजे सगळं येणाऱ्या एका लग्नसराईवर होतं. कामं मिळाली तर पार्टी टिकणार, नाहीतर सीताराम जन्मभर मागच्या रांगेत.

अंगद पेंटर तसा हुशार माणूस. त्यानं खडूनं माझ्यावर आखणी केली. डावीकडे एक मोठी क्लॅरिनेट, मध्ये पार्टीचं नाव, आणि खालचा निम्मा भाग गावासाठी. मुक्काम हिवरवाडी, ताडकळसहून दोन कोस, ओढ्याच्या पलीकडे, सीतारामचं घर. तो सीतारामला म्हणाला, ‘‘एस.टी.त बसलेल्या माणसाला बोर्ड वाचायला कितीक येळ भेटतो? दहा मोजपत्तोर गाडी पुढं. तेवढ्यात त्याला दोनच गोष्टी कळाल्या पायजेत. काय हाय, आन् कुठं हाय.’’ सीताराम माझ्याकडे बघत राहिला. त्याला मी पसंत पडलो होतो. पण सीतारामचा एक मोठा दोष होता, मित्रांनो. त्याला ‘नाही’ म्हणता येत नसे. तो म्हणाला, ‘‘ब्येस झालंय. फकस्त समद्यायला एकदा दाखवू.’’

बस, तिथंच माझं वाटोळं झालं.

मला बैलगाडीत घालून हिवरवाडीला आबासाहेबांच्या ओसरीवर नेलं. आबासाहेब गावातले मोठे शेतकरी. पार्टीला सरावासाठी ओसरी त्यांनीच दिली होती. आधी पुढे आले किशनराव. ढोल त्यांचा, तोही स्वतःचा. ते म्हणाले, ‘‘क्लॅरिनेट कशाला काढलास रे? लाकडाला कोन वळखतंय? माणसाचा फोटू पायजे. माझा फेट्यात काढ.’’ एकाचा काढला म्हटल्यावर सहांचे काढणं आलं. क्लॅरिनेट पुसली गेली. अंगदला खरं तर एकच चेहरा काढता येत असे, त्यामुळे सहाही जण एका आईची लेकरं दिसू लागले. सगळ्यांना तेच नाक, तीच पिळदार मिशी. त्यातल्या दोघांना तर मुळात मिशीच नव्हती, पण ते फारच खूश झाले.

मग सटवाजी उठला. तो खुळखुळा वाजवायचा. ‘‘खुळखुळा बारीक आसला म्हून नाव बी बारीक लिवायचं का?’’ असं तो रडकुंडीला येऊन बोलला, तेव्हा त्याचं नाव किशनरावांएवढं झालं. किशनरावांना ते खपेना, म्हणून त्यांच्या नावामागे ‘ढोलसम्राट’ लागलं. आबासाहेब स्वतः काही बोलले नाहीत, नुसते खाकरले. तेवढ्यावरून ‘प्रेरणास्थान’ म्हणून त्यांचा सातवा फोटो वरती आला. खंडोबा प्रसन्न तर आधीपासून होताच.

आता खाली हातभर जागा उरली. अंगद हट्टानं म्हणाला, ‘‘तिथं गाव. तिथं कोनी हात लावायचा न्हाई.’’ सगळे हसले. किशनराव म्हणाले, ‘‘गाव कशाला लिवतूस? आमाला कोन वळखत न्हाई?’’ आणि सटवाजीला आठवलं की परभणीत एका पेढ्याच्या दुकानावर त्यानं फार भारदस्त ओळ वाचली होती. आमची कोठेही शाखा नाही. ‘‘ही ओळ आसली की पार्टी मोठी वाटती,’’ तो म्हणाला. सगळ्यांना पटलं. अंगदनं सीतारामकडे पाहिलं. मीही पाहिलं, मला डोळे नसले म्हणून काय झालं. नुसतं एकदा ‘राहू दे गावाचं नाव’ म्हण रे बाबा, असं मला ओरडावंसं वाटत होतं. सीताराम मान खाली घालून म्हणाला, ‘‘समदे म्हनायलेत तर लिव.’’ ओल्या फडक्यानं हिवरवाडी पुसली गेली आणि पिवळ्या रंगात मी जगाला सांगू लागलो की आमची कोठेही शाखा नाही. मूळ दुकान कुठं आहे, हे सांगायला मात्र माझ्यावर बोटभर जागा नव्हती.

मला ताडकळसच्या एस.टी. थांब्यावर उभं केलं, दत्तरावाच्या पानटपरीला लागून. सीताराम त्याला हात जोडून म्हणाला, ‘‘दत्तराव, जरा ध्यान ठिवा बोर्डाकडं.’’ दत्तराव तोंड भरून म्हणाला, ‘‘लावा की, आपलंच हाय.’’ त्याचा मेहुणा पलीकडच्या गावात बँड चालवतो, ही खबर हिवरवाडीत कुणालाच नव्हती. मलाही नव्हती. पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा कळली.

सेलूकडचे एक गृहस्थ एस.टी.तून उतरले. मुलीचं लग्न होतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचलं, खूश झाले, आणि मग त्यांचा चेहरा गोंधळला. ‘‘पन ऱ्हात्यात कुठं हे लोक?’’ त्यांनी माझी खालची कड पाहिली. माझ्या मागे जाऊन पाहिलं. मित्रांनो, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला पाठ होतं. दोन कोस, ओढ्याच्या पलीकडे, सीतारामचं घर. मी वाऱ्यात नुसता खडखडलो. दत्तरावानं टपरीतून हाक मारली, ‘‘कोन पायजे पाव्हणं?’’ ते म्हणाले, ‘‘हेच सप्तसूरवाले.’’ दत्तराव म्हणाला, ‘‘मंग बसा की. आत्ता बोलावतो.’’ थोड्या वेळानं मेहुणा सायकलवर आला. पिळदार मिशीचा. माझ्यावरच्या एका चेहऱ्याकडे बोट करून म्हणाला, ‘‘हे बगा, ह्यो मीच.’’ आणि खोटं तरी कसं म्हणावं? हुबेहूब तसाच तर दिसत होता तो. तिथंच सुपारी ठरली.

तसे त्या लग्नसराईत अकरा जण आले. बोरीकडचे एक तर दोनदा आले, मोठ्या मुलाचं आणि मग पुतण्याचं. मी इतकं छान काम केलं की विचारू नका, फक्त दुसऱ्यासाठी केलं. दर आठवडी बाजाराला सीताराम यायचा, कुणी भेटलंच तर वाजवून दाखवायला क्लॅरिनेट बरोबर घेऊन. उपरण्यानं माझ्यावरची धूळ पुसायचा आणि दत्तरावाला विचारायचा, ‘‘कोनी इचारायला आलतं का?’’ दत्तराव पानाला चुना लावत म्हणायचा, ‘‘न्हाई बा. लोकायला बँड नको झालाय. समदे टेपरेकॉर्डर लावायलेत.’’ सीताराम ते खरं मानून परत जायचा. त्याचा तो वाकलेला पाठमोरा चालणारा देह पाहून माझी चौकट करकरायची. गावात मात्र सगळे अंगदला बोल लावत होते. म्हणे बोर्डालाच गुण नाही.

वैशाख संपत आला. त्या बाजाराला सीतारामबरोबर त्याची बायको दगडाबाई आली होती. दोघं माझ्यासमोर उभे असतानाच एक म्हातारे गृहस्थ तणतणत आले. त्यांनी सीतारामच्या हातातली क्लॅरिनेट पाहिली, मला पाहिलं, आणि त्याच्यावर तुटून पडले.

‘‘तुमीच का ते सप्तसूर? लाज वाटती का? नवरदेव घोड्यावर बसल्याला, आन् तुमचा एक सूर धड न्हाई! पाव्हण्यात माझी इज्जत घालवली तुमी!’’

दत्तराव टपरीत खाली वाकून काहीतरी शोधू लागला. सीतारामला सगळं कळलं, मित्रांनो. माझ्याकडे, टपरीकडे, पुन्हा माझ्याकडे बघितल्यावर त्याला एका क्षणात सगळं कळलं. आता तो सांगेल, ते आम्ही नव्हतो म्हणून. आता तो क्लॅरिनेट तोंडाला लावेल आणि दाखवेल खरा सूर. मी वाट पाहत होतो. सीतारामनं हात जोडले आणि म्हणाला, ‘‘चुकलं दादा.’’

म्हातारे पुटपुटत निघून गेले. दगडाबाई भडकली. ‘‘तुमी का म्हून चुकलं म्हनला? तुमी वाजवलं व्हतं का तितं?’’

‘‘बोर्डावर नाव माझंच हाय,’’ सीताराम म्हणाला.

‘‘वाचा बरं. काय काय लिवलंय, समदं वाचा.’’ तिला अक्षर येत नव्हतं. सीतारामनं वाचून दाखवलं. सम्राट, प्रेरणास्थान, खंडोबा, शाखा. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, ‘‘मंग माणसानं यावं कुठं?’’

दगडाबाई सरळ टपरीकडे गेली. दत्तराव ‘आवो बाई, आवो बाई’ करतोय तोवर तिनं चुन्याच्या डब्यात हात घातला आणि मूठभर चुना घेऊन आली. ‘‘ह्या बोटानं लिवा. आत्ता लिवा. किशनरावच्या फेट्यावर लिवा, न्हाईतर माझ्या तोंडावर लिवा, पन गाव लिवा.’’

सीतारामनं बोट चुन्यात बुडवलं. माझ्यापर्यंत आणलं. इतकं जवळ, की मला त्याचा थंडपणा जाणवला. आणि ते बोट तिथंच थांबलं.

‘‘किशनरावला एकदा इचारायला पायजे,’’ तो म्हणाला.

दगडाबाईच्या हातातला चुना वाळत होता. मग तिनं तो हात माझ्यावर, त्या शाखेच्या ओळीवर, जोरात पुसला आणि एकटीच गावाकडे चालू लागली. चुन्यानं माझा रंग खाल्ला. तो पांढरा डाग अजून आहे.

किशनरावांना विचारलं. बैठक झाली, मग दुसरी झाली. गावाला जागा करायला कुणाचा फोटो पुसायचा यावर एकमत होईना. तोवर लग्नसराई सरली, पाऊस आला, आणि दिवाळीच्या आत पार्टी मोडली. सीताराम जुन्या मालकाकडे गेला. मागच्या रांगेत. मला न्यायला कुणी आलंच नाही, म्हणून दत्तरावानं मला उपटून टपरीची एक बाजू बंद करायला ठोकून टाकलं, तोंड आतल्या बाजूला करून. तेव्हापासून माझ्यासमोर तंबाखूचे डबे आहेत आणि रस्त्याकडे माझी गंजकी पाठ.

परवा ९४ च्या जानेवारीत त्या विद्यापीठाला नवं नाव जोडलं गेलं आणि ताडकळसमधून मोठी मिरवणूक निघाली. सतरा-अठरा वाजवणारे असावेत. मला काहीच दिसत नव्हतं, पण त्या गोंगाटातून मागून कुठून तरी एक क्लॅरिनेट ऐकू आली आणि मी ती ओळखली. मिरवणूक टपरीपुढून जाताना पान घ्यायला थांबलेला एक परगावचा माणूस जागच्या जागी उभा राहिला. ‘‘काय वाजवायलाय हो गडी!’’ तो म्हणाला. ‘‘कोन हाय? कुठला हाय?’’

दत्तरावाला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. तो पान गुंडाळत म्हणाला, ‘‘आसंल कोनीतरी. बँडवाला.’’

त्या माणसाच्या कोपराला माझा पत्रा लागत होता. नाव माझ्यावर होतं, पण आतल्या बाजूला. गाव तर माझ्यावर कधी टिकलंच नव्हतं. सूर हळूहळू पुढे गेला आणि ऐकू येईनासा झाला.

मित्रांनो, माझं आता फारसं काही मागणं नाही. मला उलटं करा, रंग द्या, असंही मी म्हणत नाही. पण तुमच्या रस्त्यावरून कधी वाजंत्री गेली आणि मागच्या रांगेतल्या कुणाचा सूर तुमच्या मनाला लागला, तर चार पावलं त्याच्याबरोबर चाला. फलकावर शोधू नका, पानवाल्याला विचारू नका. तो श्वास घ्यायला थांबेल, तेव्हा त्यालाच विचारा, बाबा रे, तुझं नाव काय, तुझं गाव कोणतं.