पोराला चढत नाही

सलूनमध्ये दुसरी खुर्ची आली आणि बापाचा आनंद गगनात मावेना. उद्यापासून पोरगा तिच्यावर गिऱ्हाइकं घेणार होता. पण त्याआधी घरचा रिवाज होता: नव्या कारागिराचा पहिला वस्तरा बापाच्या गळ्यावर. तिथं रक्त निघालं नाही, तर गिऱ्हाइकानं खुशाल डोळे मिटावेत.

तेवढ्यात पोराचे दोस्त पार्टी ठरवायला आले. त्यांच्यातला जाड्या म्हणाला, "काका, तुमचा पठ्ठ्या म्हणजे टाकी आहे टाकी! परवा आम्ही सगळे आडवे, आणि यानं एकेकाला घरी पोचवलं. याला चढतच नाही!"

सगळे हसले. पोरगाही फुलून गेला. बापही हसला, पण फक्त पोरांदेखत म्हणून.

ते गेल्यावर बाप खुर्चीत बसला, पण साबण काही लावू देईना.

"आधी ऐक. मलाही चढायची नाही."

"मग चांगलंच की, बाबा!"

"मीही तेच म्हणायचो. तुझे आजोबाही. ज्याला चढते तो दोन पेल्यांत झोपतो आणि सकाळी कानाला खडा लावतो. आपण आपले बसतो पीत. शेवटी आजोबांचा हात असा थरथरायचा की लोक वस्तरा लावू देत नसत. ते बिचारे नुसत्या खुर्च्या पुसायचे. मला तुझ्या आईनं वेळेवर आवरलं, म्हणून वाचलो."

"म्हणजे मीही तसाच होणार?"

"कपाळावर लिहिलेलं नाही रे. पण आपल्या घरात जिथं पाय घसरतो, नेमका तिथंच तू नाचतोयस."

पोरगा साबणाकडे वळला. त्यानं फेस केला, वस्तरा धरला. बापानं मान मागे टाकली. पोराचा हात जराही हलला नाही. बापाला भरून आलं, पण हुंदका द्यायची सोय नव्हती. गळ्यावर पातं होतं.

संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर जाड्यानं बाटली काढली आणि पहिला पेला टाकीपुढे सरकवला. बाप आत टॉवेल पिळत, कान टवकारून उभा होता.

"मला नको. मला चढत नाही ना."

"अरे, म्हणूनच तर घे!"

"म्हणूनच नको," पोरगा म्हणाला. "तुम्ही घ्या. पोचवायला मी आहेच."

आत टॉवेलातलं पाणी केव्हाच संपलं होतं. बाप हसत हसत पिळतच राहिला.