गुंजवण्याचा भोंगा आणि राखाडी पडदा

नुजहतला हातात मावणारा ऑसिलोस्कोप घ्यायचा होता. म्हणजे विजेची लहर पडद्यावर रेघेनं दाखवणारं यंत्र. पैसे तिचे एकटीचे, मत मात्र भोरातल्या सगळ्या गल्लीचं.

कारण होतं वेल्ह्याकडच्या गुंजवणे गावातला भोंगा. सगुणाबाईंच्या भातखाचरात पाणी चढलं की वाजावा, म्हणून नुजहतनं तो हौसेनं जुळवला होता. तो पाणी उतरल्यावरही वाजायचा. दोनदा सगुणाबाई चिखल तुडवत धावल्या, दोनदा बांधावरची माणसं हसली. तिसऱ्यांदा भोंगाच परत आला, सोबत निरोप : "रईवारपर्यंत नीट झाला तर ठिवीन, न्हाईतर त्या जागी बुजगावणं हुबं करीन."

खाचरात वीज नाही, तेव्हा यंत्र बॅटरीवरचं हवं, एवढं तिचं ठरलं होतं. बाकीचं ठरवायला मुबारकमामू शनिवारी पुण्याच्या दुकानापर्यंत सोबत आले. मामूंनी बावीस वर्षं टीव्ही दुरुस्त केलेले. पडदा दिसला की आधी टपली मारायची, मग चार पावलं मागं सरून चित्र बघायचं. इथंही तेच केलं.

"हा रंगीत घे. लांबनंसुदिक झकास दिसतोय."

"मी लांबून बघणार न्हाई, मामू."

"आन् तो राखाडी? लोक म्हनत्याल, मामू संगं आसून पोरीनं ब्लॅक अँड व्हाइट आनला!"

दुकानदारानं दोन्हींवर त्यांचीच चाचणीची लहर लावली. दोन्हीकडे चौकोन अगदी इस्त्री केल्यासारखे. नुजहतनं पिशवीतून जेवणाचा डबा काढला. आत भोंगा.

"पेलाभर पाणी द्या."

"ताई, दुकानात पाणी?"

"पेलाभरच. खाचर न्हाई मागितलं."

दोन्ही यंत्रं भोंग्याला जोडून तिनं त्याच्या तारा पाण्यात बुडवून बाहेर काढल्या. आतला रिले, म्हणजे भोंगा चालू-बंद करणारा विजेचा खटका, टक्कन सुटला. रंगीत पडद्यावर रेघ सपाट. राखाडीवर केसाएवढा सुळका उभा. दहादा केलं, दहादा तेच.

"रंगीत यंत्र सेकंदाला किती वेळा लहर तपासतं?"

दुकानदारानं माहितीपत्रक चाळलं. "राखाडीपेक्षा जरा कमी. पण रंग बघा—"

"हा सुळकाच भोंग्याला परत उठवतो. राखाडी बांधा. आणि सुळका गिळायला एक डायोड द्या."

"हसत्याल," मामू पुटपुटले.

"हसू द्या. चित्रच बघायचं असतं तर तुमच्या दुकानात बसले असते."

परतताना नसरापूर फाट्यावर मामू भोरच्या गाडीकडे वळले. नुजहत वेल्ह्याच्या एसटीत चढली.

"आगं, डायोड बसवून सुळका गेला का न्हाई ते घरीच बघ की!"

"पाणी तिथं हाय, मामू," ती खिडकीतून ओरडली. "आणि हसणारेबी तिथंच हायेत."