तांडेलीण काय करते?

छापील चित्रातली पाणरेषा चार मिलिमीटर खाली होती.

तिने पट्टी पुन्हा लावली. मघाशी पानाचा बाक आड आला असेल म्हणून या वेळी पान तळहाताने सपाट दाबलं. तिच्या मूळ आलेखाच्या कागदावर तोफांच्या खिडक्यांपासून पाण्यापर्यंत नऊ मिलिमीटर होते. पुस्तकात तेरा. गलबत पाण्यात बसलेलं नव्हतं, टेबलावर बशी ठेवावी तसं पाण्यावर ठेवलेलं होतं.

"आता काय मोजतेयस?" दादा म्हणाला. "छापून झालं की ते! मोजून काय वाढणार आहे?"

"वाढलंय. चार मिलिमीटर."

"उगाच नाही हिला मिली म्हणत," दादाचा दंतवैद्य मित्र हसत म्हणाला. त्याने आपली प्रत नाकाजवळ धरून नव्या कागदाचा वास घेतला. "वा! दादासाहेब, लेखक झालात तुम्ही."

टेबलाच्या मधोमध खोकं उघडं पडलं होतं. रविवारच्या खेळावरच्या पुस्तकाच्या पंचवीस प्रती सकाळीच आल्या होत्या. दादाच्या घरातलं हे जेवणाचं टेबल दर रविवारी दुपारी दोनला समुद्र व्हायचं, त्याला आठ वर्षं झाली होती. दादा सूत्रधार. तो वारा सांगायचा, बेटं सांगायचा, शत्रूची शिडं क्षितिजावर आणायचा. बाकीच्या तिघांचा खेळात एकेक चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, होता. दंतवैद्याचा चाचा गलबतावरचा वैद्य होता आणि रोगी बरे करण्यापेक्षा शत्रूला विष घालण्यात वाकबगार होता. गाडी चालवायला शिकवणाऱ्या मास्तरांचा चाचा तोफा डागायचा. दादा एकेकाकडे वळून विचारायचा, "तू काय करतोस?" आणि जो तो आपल्या चाच्याच्या तोंडाने उत्तर द्यायचा. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा.

आणि गलबतं मिली करायची. सगळी. चौदा गलबतं, सव्वीस चाचे, त्यांचे व्रण, त्यांच्या खोडी, कोण कुणाशी का बोलत नाही ते सगळं. प्रत्येक गलबताचा उभा छेद, आडवा छेद, तळाशी भरलेल्या दगडांचं वजन. पहिल्या वर्षी तिने बुचाची छोटी गलबतं करून त्यांच्या तळाशी खिळे ठोकले होते आणि न्हाणीघरातल्या बादलीत तरंगवून बघितली होती. किती खिळ्यांना सरळ राहतं, किती खिळे काढले की कलंडतं. तेव्हा वहिनी दाराबाहेरून ओरडल्या होत्या, "मिली, आंघोळ करतेयस की बंदर बांधतेयस?"

दादा सुट्या भागांच्या कंपनीत विक्री बघायचा. बोलण्यात तो कुणाला हार जायचा नाही. पण त्याला रेघ कधी सरळ मारता आली नव्हती. तो नववीत असताना त्याच्या जीवशास्त्राच्या वहीतला बेडूक सहावीतल्या मिलीने काढला होता. बेडकाला दहापैकी दहा मिळाले. दादाला शाबासकी मिळाली आणि तिला अर्धा खोडरबर.

"पाणरेषा कुणी हलवली?" तिने विचारलं.

"मीच सांगितलं छापणाऱ्याला. अर्धं गलबत पाण्यात बुडालेलं दिसत होतं गं. जरा वर काढलं की कसं, रुबाब येतो."

"तळातले दगड काढल्याशिवाय ते इतकं वर येत नाही. आणि वर चौदा तोफा आहेत. पहिल्या वाऱ्याला आडवं होईल."

"मिली, हा खेळ आहे. तुझी प्रयोगशाळा नाही."

"वाऱ्याला ते माहीत नसतं."

मास्तर फसकन हसले. दादाही हसला, पण जरा उशिरा. मिलीने पट्टी बाजूला ठेवली. राग आला की तिचे हात थरथरत नसत, उलट अगदी स्थिर होत. एकोणीस वर्षं पाणी तपासून तिला ती सवय लागली होती. नळीतून थेंब सोडताना हात हलला तर अख्खा नमुना फुकट जातो.

तिने पान उलटलं. एक्केचाळीसाव्या पानावर तांडेलीण होती.

गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या तो तांडेल. मिलीचा चाचा बाई होती, म्हणून तांडेलीण. डाव्या हाताला चार बोटं, आवाज खाली, आणि वादळात सुकाणू सोडायचं नाही हा एकच हट्ट. आठ वर्षांपूर्वी पहिल्या रविवारी तिने ती चार ओळींत लिहून दिली होती. त्यातली शेवटची ओळ तिला अजून पाठ होती: हे गलबत तिने स्वतः बांधलं आहे.

छापील मजकूर तिने एकदा वाचला, आणि मग नमुना दुसऱ्यांदा तपासावा तसा पुन्हा वाचला.

तांडेलीण: एका शूर तांडेलाची पत्नी. पतीच्या पश्चात त्याचं गलबत निष्ठेने सांभाळते.

"दादा, हा नवरा कुठून आला?"

"कुठला नवरा?"

"एक्केचाळीसाव्या पानावरचा. मेलेला."

दादाने चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, तूच लिहिलं होतंस ना तांडेलीण? तांडेलीण म्हणजे तांडेलाची बायको. वाचणाऱ्याला प्रश्न पडणार, तांडेल कुठाय? म्हणून मी एक तांडेल घातला आणि मारून टाकला. गोष्टीला जरा करुण किनार आली."

"तांडेलीण म्हणजे तांडेल असलेली बाई."

"दोन्ही होतं," दंतवैद्य समजुतीच्या सुरात म्हणाला. "आता बघा, आमच्या इमारतीत सगळे माझ्या बायकोला डॉक्टरीणबाई म्हणतात. तिला दाढ कुठली नि सुळा कुठला ते माहीत नाही."

"मग वाघीण?" स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाल्या. हातात चहाचा ट्रे होता. "ती काय वाघाची बायको आहे म्हणून चावते?"

मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "काही म्हणा, दादाने काम चांगलंच केलं. इतकी वर्षं घरच्यांना जमलं नाही ते करून दाखवलं. खेळात का होईना, ताईचं लग्न लागलं!"

"आणि त्याच ओळीत मोकळीही झाली," दंतवैद्याने भर घातली. "इतका सुटसुटीत संसार कुणाला मिळतो?"

दादा हसला. तोंडावर हात ठेवून, पण हसलाच.

वहिनींनी ट्रे जरा जोरात खाली ठेवला. दोन कप हिंदकळले. मिलीला बरंच काही बोलता आलं असतं. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा दादाची बदली झाली होती आणि ती त्यांच्याजवळ राहिली. ते गेले तोवर तिची चाळिशी जवळ आली होती. हे या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट सांगायला गेलं की ती तक्रार होते, हेही तिला माहीत होतं.

ती पुस्तकाच्या पहिल्या पानाकडे वळली. तिथे लिहिलं होतं: कथा, पात्रं आणि गलबतं. त्याखाली दादाचं नाव, मोठ्या अक्षरांत. तिने बोट खाली खाली नेलं. पानाच्या तळाशी एक ओळ सापडली: रविवारच्या खेळाला चहा आणि उत्साह पुरवणाऱ्या घरच्या मंडळींचे आभार.

म्हणजे ती चहात होती किंवा उत्साहात.

प्रयोगशाळेत रोज चाळीस बाटल्या येत. प्रत्येकीवर तारीख, नळाचा क्रमांक आणि नमुना घेणाऱ्याची सही. सही नसलेली बाटली मिली उघडतसुद्धा नसे, सरळ मोरीत ओतून द्यायची. मग पाणी कितीही नितळ दिसो. नवीन लागलेल्या मुली कुरकुरत, "ताई, दिसतंय की स्वच्छ!" ती म्हणायची, "कुणाचं आहे ते माहीत नाही ना."

त्याच मुली तीन वर्षं तिच्या मागे लागल्या होत्या. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तिच्या वहीतलं गलबत बघितलं होतं. ताई, आम्हालाही शिकवा ना हा खेळ. तुम्ही सूत्रधार व्हा, आम्ही चार जणी येतो. मिली दर वेळी म्हणायची, "बघू." घरी पंधराव्या गलबताचं चित्र तयार होतं. ते तिने दादाला दाखवलं नव्हतं. कपाटाच्या शेवटच्या कप्प्यात ते तीन वर्षं उभं होतं आणि दर महिन्याला ती ते काढून बघायची, आणि पुन्हा ठेवायची. रविवार तर एकच असतो आणि तो दादाचा. दादाला काय सांगायचं? बघू.

"बरं, ऐका," दादाने टाळी वाजवली. "खरी बातमी अजून सांगितलीच नाही. प्रकाशकाला दुसरा भाग हवाय! दहा नवीन गलबतं. दोन महिन्यांत." तो तिच्याकडे वळला. "मिली, उद्यापासून बसशील ना? आणि या वेळी जरा कमी रेघा मार. लोकांना छेदबिद नको असतात, शिडं हवी असतात. छान फुगलेली."

"या पुस्तकात माझं नाव नाही," ती म्हणाली.

आवाज इतका खाली होता की मास्तरांनी "काय?" म्हणून विचारलं.

"आहे की," दादा म्हणाला. "घरची मंडळी. तू घरची नाहीस का?"

"वहिनींचंही नाही."

"मला कशाला ओढतेस?" वहिनी म्हणाल्या. मग थांबून, ट्रेकडे बघत म्हणाल्या, "आठ वर्षांत मला एकदा कुणी फासा टाकायला दिला नाही. चहाला नाव कसलं असणार?"

"अरे, आज आनंदाचा दिवस आहे!" दादाचा आवाज चढला. "सगळ्या बायका मिळून मला कोर्टात उभं करणार का? मिली, आपल्या घरात माझं-तुझं कधी होतं का? माझं नाव म्हणजे तुझंच नाव. तो बेडूक आठवतो? मी कधी विसरलोय का? सगळ्यांना सांगत असतो, बेडूक हिने काढला म्हणून."

"वहीवर लिहिलं नव्हतंस."

"वहीवर कसं लिहिणार? मला नापास केलं असतं!"

तो बोलून गेला. पंख्याच्या वाऱ्याने खोक्यातलं वरचं मुखपृष्ठ उघडत होतं, मिटत होतं.

"चला, खेळू या," दंतवैद्य घाईघाईने म्हणाला. "खेळलं की डोकी थंड होतात."

दादाला ते हवंच होतं. त्याने नकाशा पसरला, घसा खाकरला आणि त्याचा सूत्रधाराचा आवाज लागला. तो आवाज सुंदर होता. मिलीने हे आठ वर्षांत कधी नाकारलं नव्हतं. वारा वायव्येकडून उठला. आभाळ जस्तासारखं झालं. डोलकाठी करकरली.

"वैद्यबुवा, तू काय करतोस?"

"मी बाटल्या कापसात गुंडाळतो. आणि एक घोट मारतो."

फासा पडला. चौदा. बाटल्या वाचल्या.

"तोफवाल्या, तू?"

"तोफांचे दोर आवळतो," मास्तर म्हणाले. फासा पडला. नऊ. एक दोर तुटला.

मिली तोवर काम करत होती. टेबलावर पसरलेले तिचे आलेखाचे कागद तिने एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या. पहिलं गलबत, दुसरं, तिसरं. सव्वीस चाच्यांची पानं. घाई नव्हती. तांडेलिणीचा चार ओळींचा जुना कागद पिवळा पडला होता. तो तिने सगळ्यांत वर ठेवला. खिशातून पेन काढलं आणि कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, बाटलीवर करते तशी, सही केली. खाली तारीख घातली, आजची नाही, आठ वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या रविवारची. मग सगळे कागद फाईलमध्ये घालून नाडीची गाठ मारली.

दादा बघत होता. त्याने नकाशावरचं बोट उचललं नाही.

"लाट येतेय," तो म्हणाला. आवाज थोडा बारीक झाला होता. "डोलकाठीपेक्षा उंच लाट. तांडेलीण, तू काय करतेस?"

आठ वर्षं या प्रश्नाला एकच उत्तर होतं. मी सुकाणूवर थांबते. मास्तरांनी तर ते तिच्या आधी पुटपुटायला ओठ हलवलेही.

"मी उतरते," मिली म्हणाली.

"उतरते? भर समुद्रात?" दादाने हसायचा प्रयत्न केला. वीस बाजूंचा फासा उचलून त्याने तिच्यापुढे धरला. "बरं बाई, टाक फासा. बघू जमतं का."

तिने फासा घेतला. दारात उभ्या असलेल्या वहिनींच्या हातात तो ठेवला आणि त्यांची बोटं त्यावर मिटवली.

"याला फासा लागत नाही," ती म्हणाली. "गलबतं माझी आहेत, मी ती घेऊन जातेय. दहाही होणार नाहीत आणि एकही होणार नाही. वहिनी, पुढच्या रविवारी दोन वाजता माझ्या घरी या. खेळ मी चालवणार आहे."