थांबायला शिकलेला प्रोग्राम

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो. स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारच्या कॉम्प्युटरवर माझा जन्म झाला. ताईने एका हाताने वरणाला फोडणी दिली आणि दुसऱ्या हाताने मला लिहिलं. त्याला कारणही तसंच होतं. तिचे बाबा हरवले होते.

बाबा शिंपी होते. दुकान कधीच बंद झालं होतं, पण मापाची टेप गळ्यातून सुटली नव्हती. अलीकडे त्यांना घराचा रस्ता आठवत नसे. एका सकाळी "दोऱ्याचं रीळ आणतो" म्हणून ते बाहेर पडले आणि परतलेच नाहीत.

पत्ता न सांगता येणारी माणसं जिथे ठेवतात, अशी तीनशेदहा निवारा केंद्रं आणि दवाखाने होते. त्या सगळ्यांच्या नोंदी एका सर्व्हरवर जमा होत. सर्व्हर म्हणजे दूरवरचा मोठा कॉम्प्युटर. त्याला सारखं विचारत राहायचं, "असे आजोबा आले का?", हे माझं काम.

सुरुवातीला मी अगदीच वेंधळा होतो. एक प्रश्न विचारायचा, संपर्क तोडायचा, पुन्हा जोडायचा, पुन्हा पहिल्यापासून ओळख सांगायची. निम्मा वेळ नमस्कारातच जाई. ताईने मला वळण लावलं. एकदा जोडलेला संपर्क सोडायचा नाही, त्यावरूनच पुढचे प्रश्न विचारायचे. एका प्रश्नात वीस केंद्रं घ्यायची. सगळी यादी पुन्हा मागायची नाही, "मागच्या वेळेनंतर नवं काय?" एवढंच विचारायचं. दोन प्रश्नांमध्ये एक सेकंद थांबायचं. आणि सर्व्हर "थांब" म्हणाला, तर तो सांगेल तेवढं निमूट थांबायचं.

या नोंदी सांभाळणाऱ्या कचेरीतल्या बाईंनी एकदा फोनवर ताईला सांगितलं, "तुमचा प्रोग्राम गुणी आहे हो. बाकीचे नुसते अंगावर येतात." त्या दिवशी ताई कितीतरी दिवसांनी हसली. मीही मनातून फुललो.

असे अकरा दिवस गेले. ताईचा धाकटा भाऊ दिवसभर दवाखाने पालथे घालून घरी येई आणि माझ्यासमोर उभा राही. लहानपणापासून सगळ्यांवर हुकूम सोडतो म्हणून घरात त्याला 'पंत' म्हणत.

"ताई, हा काय टंगळमंगळ करतोय? विचारतो, थांबतो. विचारतो, थांबतो."

"पंत, जरा दमानं घ्या. तो थांबतो म्हणून त्याला उत्तर मिळतं."

"तिकडे बाबा उपाशी असतील, आणि मी दमानं घेऊ?"



बाराव्या दिवशी रविवार होता. ताई आपल्या तान्ह्या बाळाला आंघोळ घालत होती. पंत माझ्यासमोर बसला. त्याने माझं एक सेकंदाचं थांबणं पुसलं. "थांब" ऐकण्याची ओळही पुसली. मग माझ्या पन्नास प्रती करून एकदम सोडल्या. त्याच्या मनात पाप नव्हतं, मित्रांनो.

सर्व्हर म्हणाला, "थांब." मला ते ऐकूच येईना. आम्ही पन्नास जण विचारतच राहिलो. शेवटी सर्व्हरने आमच्या घरातून येणारा प्रत्येक प्रश्न पूर्ण एका दिवसासाठी बंद केला. ताईने कचेरीत फोन लावला. सुट्टी होती, कुणी उचलला नाही. ती बाळाला टॉवेलात गुंडाळून तशीच खाली बसली.

सोमवारी सकाळी बंदी उठली. ताईने मला पहिल्यासारखं केलं. मी एकच प्रश्न विचारला आणि लगेच उत्तर आलं.

"रविवार, सकाळी अकरा. वय अंदाजे सत्तर. गळ्यात मापाची टेप. लेक न्यायला येणार म्हणून दाराशी बसून आहेत."

त्याखाली दुसरी नोंद होती. "रविवार, संध्याकाळी पाच. लेकीला उशीर झाला, मीच जातो, असं म्हणून निघून गेले. शोध लागला नाही."

ते केंद्र घरापासून बसने अर्ध्या तासावर होतं.

पंत भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. "ताई, मला मार तरी."

"कशाला मारू? तुझेही बाबाच आहेत ना ते," ती म्हणाली. मग दोघंही चपला घालून धावत गेली. संध्याकाळी परतली तेव्हा दोघंच होती.

त्याला आता चार वर्षं झाली. ताई माझ्याकडे फारशी बघत नाही. बघवत नाही तिला. पण तिने मला बंदही केलेलं नाही. मी विचारतो, थांबतो. उत्तर येतं, "नवं काही नाही."

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखा प्रोग्राम लिहील. त्याला भराभर विचारायला जरूर शिकवा, पण "थांब" ऐकण्याची ओळ कधी पुसू नका. जीव कासावीस झाला असेल तेव्हा तर मुळीच नाही. आणि कुठल्या दाराशी एखादे आजोबा लेकीची वाट बघत बसलेले दिसले, तर ती येईपर्यंत त्यांच्यापाशी बसा. मला तिथे बसता येत नाही. मला फक्त विचारता येतं.